बर्फाचे वेगळे पडतील

आरामाची सहल ठरवायला मला चार महिने लागले आणि त्या चार महिन्यांत आराम असा दोनदाच मिळाला. एकदा डेंग्यूच्या संशयावरून डॉक्टरांनी दोन दिवस झोपवून ठेवलं तेव्हा, आणि एकदा आमच्या भागातली वीज आठ तास गेली तेव्हा. एरवी ऑफिसातून आलो की हातपाय धुवायच्या आत लॅपटॉप उघडून बसायचो. 'आराम' नावाची एक्सेलची फाइल होती. तिच्यात सतरा शीट्स होत्या.

या सगळ्याचं मूळ आमच्या फ्रिजच्या दारावर आहे. माझे साडू स्वित्झर्लंडला जाऊन आले आणि येताना आमच्यासाठी एक लोहचुंबक घेऊन आले. त्यावर बर्फाचा डोंगर आणि खाली 'टिटलिस, 3020 मीटर' अशी अक्षरं. तिथल्या गच्चीवर शाहरुख खान आणि काजोलचे पूर्णाकृती कटआउट उभे केलेत. त्यांच्या शेजारी उभं राहून काढलेला फोटोही साडूंनी फ्रेम करून दिला. फोटोतल्या तिघांपैकी खरे एकटे साडू, पण सगळ्यात ताठ तेच उभे आहेत. तेव्हापासून मी सकाळी दुधाची पिशवी काढायला गेलो की साडू 3020 मीटरवरून माझ्याकडे बघतात.

मग एका रात्री मला गुलमर्गचा शोध लागला. म्हणजे गुलमर्ग होतंच, पण त्याची उंची माझ्या लक्षात आली नव्हती. तिथली गोंडोला, म्हणजे पाळण्यांची रोपवे, दोन टप्प्यांत जाते. पहिला टप्पा कोंगडूरीपर्यंत, दुसरा थेट अफरवाट डोंगराच्या खांद्यावर, साधारण 3950 मीटरवर. मी वजाबाकी केली. साडूंच्या वर 930 मीटर! व्हिसा नाही, फ्रँक नाही, आणि वर बर्फात स्कीइंग. मी फाइलमध्ये एक नवा रकाना उघडला: 'रुपये भागिले मीटर'. स्वित्झर्लंडचा आकडा आणि गुलमर्गचा आकडा शेजारी शेजारी पाहिले, तेव्हा मला जे समाधान मिळालं ते पुढच्या सबंध सहलीत मिळालं नाही.

"अहो, आपण विश्रांतीला चाललोय की भाऊजींच्या डोक्यावर बसायला?" बायकोने विचारलं.

"एकाच तिकिटात दोन्ही जमत असेल तर सोडायचं कशाला?" मी म्हणालो.

आधी एका ट्रॅव्हलवाल्याला फोन केला. पॅकेज स्वस्त वाटत होतं. हॉटेल, नाश्ता आणि गाडी धरून.

"यात गोंडोला आली ना?"

"त्याचे वेगळे पडतील, सर."

"स्कीचं सामान?"

"वेगळे पडतील."

"शिकवणारा?"

"त्याचेही वेगळे पडतील."

"आणि थंडी?" मी वैतागून विचारलं.

"थंडी पॅकेजमध्ये आहे, सर."

हे ऐकून मी ठरवलं की मध्यस्थ नको, थेट हॉटेलशी बोलायचं. आणि इथून माझ्या आयुष्यातल्या सर्वांत यशस्वी घासाघिशीला सुरुवात झाली.

ऑक्टोबरात खोलीचा दर होता 9000. मी "जास्त आहेत" म्हणून फोन ठेवला. नोव्हेंबरअखेर मॅनेजरचा स्वतःहून फोन आला, 7500. मी नुसतं "हं" केलं. डिसेंबरच्या मध्यावर 6000, त्यात सकाळचा नाश्ता. मी काहीच बोललो नाही. नाताळाच्या सुमाराला 4500, रात्रीचं जेवण धरून. मला माझ्या मौनाच्या ताकदीची भीती वाटायला लागली. मंडईत कोथिंबिरीची जुडी पाच रुपयांनी कमी करून घेताना जिच्या घशाला कोरड पडते, त्या बायकोला मी ऐकवलं, "भाव करायला तोंड लागत नाही, संयम लागतो." ऑफिसात ही गोष्ट इतकी पसरली, की एका सहकाऱ्याने त्याच्या मुलीच्या लग्नातल्या केटररशी बोलायला मलाच नेलं. मी तिथेही अर्धा तास गप्प बसलो. केटररने ताटामागे वीस रुपये वाढवले.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी शेवटचा दर आला. 3500, दोन्ही वेळचं जेवण, खोलीत हीटर आणि संध्याकाळी कहवा. "जनाब, आप बस आ जाइए," मॅनेजर म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. मला वाटलं, माणूस हरला.

आता मागे वळून पाहताना कळतं की सूचना मिळत होत्या. आई रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. ती म्हणाली, "काश्मिरात यंदा बर्फच नाही म्हणे."

"आई, 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस तिथे 'चिल्लई कलां' असतं. वर्षातली सर्वांत कडक थंडी. त्यात बर्फ पडतोच. सहाव्या शीटवर आहे."

"ते शीट ढगांनी वाचलंय का?" आईने विचारलं.

मी दुर्लक्ष केलं, कारण तोवर मी स्कीचं चार दिवसांचं भाडं आणि शिक्षकाची फी आगाऊ भरून टाकली होती. आगाऊ भरली की वीस टक्के सूट होती. पैसे परत मिळणार नाहीत असं खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, पण सवलत मोठ्या अक्षरांत होती.

मग कपडे. चार दिवसांसाठी नवे कपडे घेणं फाइलमध्ये बसत नव्हतं, म्हणून सगळी सोसायटी धुंडाळली. तिसऱ्या मजल्यावरून दोन स्वेटर, पाचव्यावरून लोकरी मोजे, आणि शेजाऱ्यांच्या भावाचं एक जाडजूड जॅकेट. तो आइस्क्रीमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला असल्यामुळे त्या जॅकेटला व्हॅनिलाचा वास होता. माकडटोप्या घरच्याच होत्या. आईने भाजणी, मेतकूट, चकल्या, विजेची किटली आणि संक्रांत वाटेत येणार म्हणून तिळाचे लाडू घेतले. एवढं भरल्यावर बॅगांचं वजन हद्दीबाहेर गेलं. जादा वजनाचे पैसे द्यायचे नाहीत म्हणून कपडे अंगावर चढवले. मुंबईच्या विमानतळावर जानेवारीतल्या दुपारी आम्ही चौघं दोन-दोन थर्मल, स्वेटर आणि जॅकेट घालून घामाने निथळत रांगेत उभे होतो. सुरक्षा तपासणीच्या जवानाने मला तीनदा विचारलं की तब्येत ठीक आहे ना.

विमान दिल्लीमार्गे होतं, कारण थेट जाणाऱ्या विमानापेक्षा माणशी 900 रुपये वाचत होते. दिल्लीत धुकं होतं. चार तासांचा मुक्काम अकरा तासांचा झाला आणि चौघांच्या चहा-सामोशांत वाचलेले 3600 रुपये संपून वर थोडे लागले. त्याबद्दल अधिक काही लिहीत नाही.

श्रीनगरच्या जवळ आल्यावर खिडकीतून चिरंजीव बाहेर बघत होते. "बाबा, जमीन ब्राउन आहे."

"अजून खाली यायचंय. बर्फ खाली असतो."

"बर्फ वर असतो ना, बाबा?"

"खालीही असतो," मी म्हणालो.

उतरल्यावर पहिली गोष्ट कळली ती अशी, की बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मिरात चालत नाही. पोस्टपेड चालतं. सतरा शीट्सच्या त्या फाइलमध्ये नेमकं हेच नव्हतं. माझा सगळा आराखडा 'क्लाउड'मध्ये होता आणि 2024 च्या त्या जानेवारीत काश्मिरात एकही क्लाउड नव्हता. आकाश असं स्वच्छ निळं, की दुपारी श्रीनगर दिल्लीपेक्षा उबदार वाटत होतं. फक्त बायकोचा फोन चालत होता, कारण तो तिच्या ऑफिसने दिलेला. त्या क्षणापासून सहलीचं नेतृत्व तिच्याकडे गेलं. ते अजून परत आलेलं नाही.

गुलमर्गच्या खाली तेरा किलोमीटरवर टंगमर्ग लागतं. बर्फ असला की इथून पुढे चाकांना साखळ्या लावलेली गाडी लागते. मी साखळीवाल्या गाडीचे जादा पैसेही आधीच भरले होते. रस्ता खणखणीत कोरडा होता.

"साखळीचे पैसे परत?" मी हिंदीत विचारलं.

ड्रायव्हर खाली उतरला, त्याने डिकी उघडली आणि आत बोट दाखवलं. "साहब, चेन तो है. देख लीजिए." मी पाहिली. चांगली जाड होती. पैसे भरलेत म्हणून मी तिला हातही लावला.

रस्त्याच्या कडेला भाड्याने गमबूट आणि ओव्हरकोट देणाऱ्या दुकानांची रांग होती. दुकानदार फेरन घालून उन्हात बसले होते. शेकडो कोट टांगलेले आणि गिऱ्हाईक आम्ही चौघं. त्यांच्यातल्या एकाने आमच्याकडे कोट घेता का म्हणून विचारलंही नाही, नुसता सलाम केला. आम्हाला बघून त्याला काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही.

आणि मग वळण घेऊन गाडी गुलमर्गच्या त्या सुप्रसिद्ध कुरणात शिरली. गाडीत शांतता पसरली. डोळ्यांसमोर मैलभर पिवळट तपकिरी वाळकं गवत, मधे चार-दोन घोडी, आणि घोड्यांचे मालक आमच्याकडे धावत येताहेत.

"अगंबाई," आई म्हणाली, "हे तर पाचगणीचं टेबललँड!"

खोटं कसं म्हणायचं? गवत तेच, घोडी तीच, घोडेवाल्यांची चिकाटीही तीच. फक्त स्ट्रॉबेरी-क्रीम नव्हतं. आणि पाचगणीला आम्ही एसटीने गेलो होतो. मला तेव्हा वाचलेलं एक वाक्य आठवलं, जे पहिल्या शीटवर मी स्वतः लिहिलं होतं: गुलमर्ग म्हणजे फुलांचं कुरण. नावात बर्फ कुठेच नाही. त्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी नावातच सांगून ठेवलं होतं, मी ते कॉपी-पेस्टही केलं होतं, पण वाचलं नव्हतं.

हॉटेलच्या दारात मॅनेजर, स्वयंपाकी, दोन वेटर आणि माळी स्वागताला ओळीने उभे होते. बावीस खोल्यांत पाहुणे आमचंच एक कुटुंब. केशर-बदाम घातलेला गरम कहवा आला. तो पिता पिता मी विषय काढला.

"बर्फ?"

"आएगी, इंशाअल्लाह."

"कब?"

मॅनेजरने आकाशाकडे पाहिलं. त्याच्या रजिस्टरमध्ये त्याची तारीख नव्हती. मग विषय बदलायला तो माझं कौतुक करू लागला, की तुम्ही शब्दाचे पक्के. "जनाब, जिस-जिस दिन आपका रेट कम हुआ, उस दिन चार-चार बुकिंग कैंसल हुई थीं. एक आप ही नहीं डरे."

बायको माझ्याकडे बघत होती. तिला हिंदी माझ्यापेक्षा चांगलं येतं, त्यामुळे भाषांतर करावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर नऊ वाजता स्कीचा शिक्षक हजर. पंचविशीतला, लाल गालांचा, अत्यंत प्रामाणिक मुलगा. त्याच्या खांद्यावर दोन स्की आणि हातात बूट. मी म्हटलं, बर्फ नाही तर राहू दे. तो म्हणाला, "सर, पैसे लिए हैं, सिखाऊँगा." आणि मला तर हे पैसे वसूल करायचेच होते. दोन प्रामाणिक माणसं समोरासमोर आली की काय होतं ते त्या दिवशी हॉटेलसमोरच्या वाळक्या गवतावर घडलं.

स्कीच्या बुटाबद्दल कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. तो बूट नाही, पायाला घातलेला प्लॅस्टिकचा हंडा आहे. चार कड्या आवळून बंद करतात आणि मग घोटा हलत नाही. बूटच असा पुढे झुकलेला असतो की त्यात माणूस ताठ उभाच राहू शकत नाही. सतत कुणाला तरी वाकून नमस्कार करायच्या बेतात असल्यासारखं उभं राहावं लागतं. चालायचं तर आधी टाच टेकवायची आणि मग बाकीचं शरीर जमेल तसं मागून आणायचं. हॉटेलच्या व्हरांड्यातून मैदानापर्यंत पंधरा पावलं होती, मला बारा मिनिटं लागली. वाटेत आईने दोनदा विचारलं की पोरा, काही लागलंय का.

मग त्या बुटांना स्की अडकवल्या आणि धडा सुरू झाला. "आगे से मिलाओ, पीछे से खोलो. यही ब्रेक है, सर." पुढची टोकं जवळ, मागची लांब, म्हणजे गती कमी होते. मी केलं. गती होतीच कुठे? मी रोज दोन तास ब्रेक लावायला शिकलो. या विषयात मी आता कुणाचीही परीक्षा घेऊ शकतो. एकदा पडलोही, पण उभ्या जागी. पडल्यावर स्कीसकट उठायचं कसं हाही एक स्वतंत्र धडा होता, तो मात्र बर्फाइतकाच गवतावरही अवघड निघाला. घोडी चरणं थांबवून बघत होती.

1927 मध्ये इंग्रजांनी याच गुलमर्गात स्की क्लब काढला. नाताळ आणि ईस्टरला इथे शर्यती व्हायच्या. 97 वर्षांनी त्याच मातीवर मी उभा होतो, व्हॅनिलाचा वास येणारं जॅकेट घालून, आणि एक स्लेजवाला मला विचारत होता, "साहब, स्लेज?"

"अरे बाबा, बर्फ कुठाय?"

"घास पे भी चलती है, साहब. थोड़ा धक्का लगेगा."

तेवढा मोह मी आवरला, कारण धक्क्याचे वेगळे पडले असते.

उरली होती उंची. तिसऱ्या दिवशी आम्ही गोंडोलाने निघालो. पाळण्यात बसल्यावर खालची देवदारं लहान होत गेली आणि माझं मन मोठं होत गेलं. आता 930 मीटर! कोंगडूरीला उतरलो आणि पाटी दिसली: जोराच्या वाऱ्यामुळे दुसरा टप्पा बंद. वारा फार नव्हता असं माझं मत पडलं. तिथल्या कर्मचाऱ्याने मला वर बोट करून अफरवाटकडे बघायला सांगितलं. तिथून भुरभुर काहीतरी उडत होतं. तो होता बर्फ. सहलीत दिसलेला सर्वांत जास्त बर्फ तोच, आणि तोही दुसरीकडे चाललेला.

कोंगडूरीवर जुन्या बर्फाचे काही पट्टे शिल्लक होते. त्यातला एक चांगला, आमच्या हॉलएवढा. त्याच्याभोवती चाळीसेक माणसं, सार्वजनिक नळावर असावी तशी रांग. प्रत्येक कुटुंब आपली पाळी आली की पट्ट्यावर जाऊन हसत हसत लोळल्यासारखं करी, फोटो निघाला की कपडे झटकून बाहेर येई. फोटो काढणारे इतके तयारीचे, की कॅमेरा जमिनीलगत धरून गवत चौकटीच्या बाहेर ठेवत. चिरंजिवांनी मोठ्या कष्टाने एक गोळा बनवला. मी म्हटलं, फेक माझ्या अंगावर. तो म्हणाला, "नको बाबा, एकच आहे."

मी कागद-पेन्सिल काढली. कोंगडूरीची उंची साधारण 3050 मीटर. साडू 3020 वर. म्हणजे मी तीस मीटर वर होतो. आमची सोसायटी दहा मजली आहे, मजल्याला दहा फूट धरले तर शंभर फूट, म्हणजे तीसच मीटर. साडूंच्या डोक्यावर मी आमच्या सोसायटीची आख्खी इमारत ठेवली होती. पण रुपये भागिले तीस मीटर हा हिशेब केल्यावर मी तो कागद घडी करून खिशात ठेवला. बायकोने विचारलं, किती आलं? म्हटलं, थंडीने बोटं आखडलीत, नंतर करतो.

थंडी मात्र खरोखर पॅकेजमध्ये होती. ढग नसल्यामुळे रात्री पारा शून्याच्या बराच खाली जाई आणि सकाळी नळाला पाणी नसे, कारण ते नळातच गोठलेलं असे. चौथ्या दिवशी संक्रांत होती. आईने डबा उघडला तर तिळाचे लाडू गोट्यांसारखे झाले होते. तिने मॅनेजरला आणि सगळ्या नोकरांना एकेक दिला आणि सांगितलं, "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला." मी अर्थ समजावला. मॅनेजरने लाडू दाताखाली धरला, डोळे मिटले, कुठलातरी आवाज झाला, आणि तरीही तो हसून म्हणाला, "बहुत मीठा है, अम्मा." त्याला गोड बोलायला सांगायची काही गरज नव्हती. त्याच्या गोड बोलण्यावरच तर आम्ही इथवर आलो होतो.

त्या दुपारी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. फाइल उघडत नव्हती, फोन चालत नव्हता, बूट परत केले होते. आम्ही चौघं भिंतीला पाठ लावून उन्हात बसलो आणि अक्रोड फोडत राहिलो. आईला डुलकी लागली. समोर डोंगर, वर निळं आकाश, कुणी बोलत नव्हतं. असा एक तास गेला असेल. मग मला अस्वस्थ वाटायला लागलं, की या बसण्याचे तासाला किती पडताहेत.

घरी आल्यावर साडूंचा फोन आला. "काय हो, बर्फ होता का?"

"उंची होती," मी म्हणालो.

येताना मी गुलमर्गचं लोहचुंबक आणलं होतं, त्यावर गुडघाभर बर्फ आहे. ते फ्रिजवर टिटलिसच्या वर लावलं. बायकोने पट्टी आणून मोजून बरोबर तीस मिलिमीटर वर सरकवलं आणि म्हणाली, "प्रमाण चुकायला नको."

जानेवारी संपता संपता गुलमर्गला बर्फ पडला. फेब्रुवारीत तिथे खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही झाल्या. मॅनेजरने मला व्हिडिओ पाठवला होता. ज्या जागी मी ब्रेक लावायला शिकलो, तिथे आता मांडीपर्यंत बर्फ होता आणि माझा तो शिक्षक सणसणीत वेगाने उतरत होता. मी सवयीने फोन करून त्याच खोलीचा दर विचारला.

"बारह हज़ार, जनाब."

"जास्त आहेत," मी म्हणालो आणि सवयीने गप्प बसलो. पलीकडेही शांतता होती. मी आणखी थोडा वेळ थांबलो.

"जनाब," मॅनेजर म्हणाला, "अब बर्फ है."